नवं कार्ड आणू का?

सुट्टीवर यायच्या आधीच्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की, माझ्या नवऱ्याचा कुवेतहून फोन येतो. काय आणू, असं ते घरातल्या प्रत्येकाला विचारतात. सासूने बाम सांगितला, नणंदेने अत्तर. मग फोन माझ्या हातात आला.

"शमीम, नवं ग्राफिक्स कार्ड आणू का? जुन्यावर नवे गेम चालत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. गेल्या सुट्टीतही त्यांनी कार्ड आणलं होतं. ते बसवल्यावर कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला, म्हणून मोठा पॉवर सप्लाय मुंबईहून मागवला. तो येईपर्यंत हे रोज उघड्या सीपीयूसमोर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेले. आमचा छोटा मुलगा हमझा दारातून बघायचा आणि यांनी हाक मारली की माझ्यामागे लपायचा. सगळं जुळलं, आणि दुसऱ्या दिवशी यांचं विमान. तेव्हापासून कॉम्प्युटर चादरीखाली आहे. समुद्राकाठच्या आमच्या भाट्ये गावच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचे स्क्रूसुद्धा गंजले.

"नको," मी म्हटलं. "कार्ड नको, काहीच नको. यावेळी तुम्ही नुसते या."

 

"नुसता आलो," ते हळूच म्हणाले, "तर दोन महिने घरात करू काय?"

हमझा अंगणात खेळत होता. त्याला फोनवर बोलायला बोलावलं, तर तो आलाच नाही.

"आणा," मी म्हटलं.