टर्बोच्या आधी चेंबर

मी तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. हुमनाबादहून दुबलगुंडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. निम्मी गिऱ्हाइकं माझ्या कामामुळं आली, उरलेली माझं बोलणं सोसून टिकली. पण माझी मुलगी पंचशीला पुण्यात चार वर्षं काम शिकून परत आली आणि माझ्याच गॅरेजात मला सबुरी शिकवायला लागली, तेव्हापासून माझं डोकं जरा जास्तच तापायचं.

त्या सोमवारी खटकचिंचोळीचा बालाजी गाडी घेऊन आला. त्याचे वडील श्रीपतराव डाळीचे व्यापारी, आमचं जुनं गिऱ्हाईक. कलबुर्गीच्या रस्त्यावर मेहुण्यानं बालाजीला मागं टाकलं होतं आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. गाडीचा जोर वाढवायला हैदराबादहून त्यानं मोठा टर्बो आणला होता. शेजारच्या सीटवर खोका, खोक्याला सीटबेल्ट लावलेला आणि वर हळदकुंकू. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

"मिस्त्री, आजच बसवा. सांजच्याला घेऊन जातो," तो म्हणाला.

मी पाना उचललाच होता. पंचशीलानं बॉनेटवर हात ठेवला. "आज न्हाई. आधी गाडी तपासते. चार-पाच दिवस लागतील."

"तपासायचं काय त्यात, अक्का? जुना काढायचा, नवा लावायचा."

"सून आणायच्या आधी घरात पाणी येतंय का बघावं का न्हाई? ह्यो टर्बो जास्त हवा ढकलणार. तेवढं सोसायची ताकद इंजनात हाय का, तेल पोचतंय का, क्लच धरतोय का, ब्रेक लागतोय का, हे बघितल्याबिगर मी बसवत न्हाई."

"मग दुसरीकडं नेऊ का?" बालाजी माझ्याकडं बघत म्हणाला. मी त्याची कशीबशी समजूत घालून, त्याला चहा पाजून बसमध्ये बसवून दिलं आणि परत येऊन पोरीवर तोंड सोडलं.

"जुनं गिऱ्हाईक कामून घालवायलीस?"

"गेलं तर जाऊ द्या, अप्पा. अर्धं काम करून मी गाडी धाडणार न्हाई."

दोन दिवस ती गाडीला चिकटून होती. चारही सिलिंडरचं कंप्रेशन तिनं दोनदा मोजलं, सारखं आलं. हवेच्या पाइपावर साबणाचं पाणी लावलं, तर एका सांध्यावर बुडबुडे आले. क्लचप्लेट झिजलेली निघाली. एअरफिल्टर तुरीच्या भुशानं गच्च भरला होता, कारण बालाजी खळ्यावरही ह्याच गाडीनं जायचा. मी लांब स्टुलावर बसून तिच्या चुका शोधत होतो. एकही सापडली नाही, त्याचा राग वेगळाच.

बुधवारी तिनं तेलाचं प्रेशर मोजलं. इंजिन थंड असताना ठीक होतं, तापल्यावर काटा खाली यायला लागला.

"जाड तेल घाल, वर येतंय बघ," मी म्हणालो.

तिनं ऐकलं नाही. गाडी वर उचलली, तेल सोडलं आणि इंजिनाच्या बुडाचा तेलाचा चेंबर उघडला.

"अप्पा, जरा इकडं येता का?"

तिच्या हातात तेल ओढून घेणारी जाळी होती. जाळीची अर्धी भोकं करड्या रंगाच्या तुकड्यांनी बुजली होती. तो रंग मी अंधारातही ओळखला असता. ती माझी सिलिकॉनची पेस्ट होती. चेंबर बंद करताना पेस्ट भरपूर लावायची, कडेनं ती एकसारखी बाहेर आली पाहिजे, गोधडीच्या काठासारखी, ही माझ्या कामाची खूण. माणिकराव मिस्त्रीनं बंद केलेला चेंबर थेंब गाळत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी मिशीला पीळ द्यायचो. जेवढी पेस्ट बाहेर येते तेवढीच आतही येते आणि तिचे तुकडे सुटून तेलात पडतात, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. अति तिथं माती. हा चेंबर मागच्या वर्षी मीच बंद केला होता. जुना टर्बो तेलावाचून झिजत होता आणि नवाही महिनाभरात तसाच गेला असता.

"धुऊन टाक ती जाळी," मी म्हणालो. "कुणाला कळायलंय?"

हे बोललो त्याची मला आजही लाज वाटते.

पंचशीलानं पेपर पसरला आणि जाळी तशीच त्यावर ठेवली. "गाडीतून निघालेलं गिऱ्हाइकाला दाखवल्याबिगर टाकायचं न्हाई, अप्पा. हे तुमीच मला शिकवलंय."

"माझं नाव जाईल, पोरी."

"म्हाईत हाय मला." तिचे डोळे भरून आले होते. पण जाळी तिनं उचलली नाही.

संध्याकाळी बालाजी चौकशीला आला आणि नेमके श्रीपतरावही सोबत आले. पंचशीलानं एकेक वस्तू दाखवली. जाळीपाशी आल्यावर बालाजी खाली वाकला. "असलं काम कुणी केलंय?"

"आमच्या गॅरेजनं," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

पोरीनं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि मी पस्तीस वर्षांचा मिस्त्री मागं उभा राहून ऐकत होतो. मला ते सहन झालं नाही.

"गॅरेजनं न्हाई," मी पुढं झालो. "मी केलंय. ती तवा हितं नव्हती. चूक माझी हाय, श्रीपतराव, आन् शोधली हिनं."

श्रीपतरावांनी जाळीवरचा एक तुकडा नखानं काढून बोटांत चुरला. ते रागीट माणूस. मी ऐकून घ्यायला तयार होतो.

"माझ्या गाडीचा चेंबरबी तुमीच बंद केलाव न्हवं, माणिकराव?"

"व्हय."

"उद्या आणून लावतो. लेकीला उघडायला सांगा." मग पोराकडं वळून म्हणाले, "आन् तू आठ दिवस बसनं फिर."

बालाजीनं तोंड वाकडं केलं आणि मला विचारलं, "मग टर्बो कधी बसणार, मिस्त्री?"

"मला कामून इचारायलास? मिस्त्री ती हाय."

तेलाच्या सगळ्या वाटा धुऊन, टर्बोची तेलाची नळी आणि क्लचप्लेट नवी टाकून झाली. शनिवारी चेंबर बंद करायची वेळ आली, तेव्हा पंचशीलानं पेस्टची नळी माझ्या हातात दिली. "तुमीच लावा, अप्पा. बारीक रेघ."

मी श्वास रोखून रेघ ओढली. तिनं टॉर्च लावून चारी बाजूंनी बघितली आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं जाड झालीय. पुसा, परत लावा."

माझं काम आजवर कुणी मला पुसायला लावलं नव्हतं. मी सगळं पुसलं, परत लावलं आणि चेंबर तिच्यापुढं धरून उभा राहिलो. ती बघत होती तेवढा वेळ माझी छाती अभिमानानं भरून आली होती.

"आता बसवा," ती म्हणाली.