खालचं दार

"वरचा व्हॉल्व्ह बंद होता ना?"

"व्हता, साहेब."

"मग माणूस बुडतो कसा? पाणी खालून वर चढलं? वा, संपतराव. जिना होता का त्याला?"

आमोद साहेब इंजिनीअर. पाणी खालूनच चढलं हे त्याला पक्कं माहीत होतं.

संपत आणि भैरू, दोघे फिटर. हयात गेली डोंगरातल्या वीजघरात, पेल्टन टर्बाइनवर. पेल्टनचं चाक हवेत फिरतं. उंचावरून आलेल्या पाण्याचा फटका त्याच्या वाट्यांवर बसतो. व्हॉल्व्ह बंद केला की चाक मोकळं. मग त्याला हात लावून पाया पडायचं आणि खुशाल आत शिरायचं. ते वीजघर बंद पडलं आणि कंपनीने दोघांना धरणाच्या पायथ्याशी, फ्रान्सिस टर्बाइनवर आणून टाकलं. फ्रान्सिसचं चाक पाण्याच्या पोटात बसतं. खालच्या नळातून पाणी नदीत जातं, आणि नदी चढली की त्याच वाटेने परत येतं. म्हणून खाली पोलादी दार असतं. इथलं दार कित्येक वर्षं उघडंच अडकून पडलेलं. शिकवलं कुणीच नाही. भैरू सवयीने पाया पडला, आत गेला. वर कुणीतरी शेजारचं मशीन सुरू केलं. त्याचं पाणी खाली सुटलं, नदी चढली आणि नळातून आत आली.

"प्यायला होता म्हणा," साहेब म्हणाला. "तुमचं कंत्राट संपत आलंय ना?"

"आन् त्याच्या पोरीची, तनुजाची नोकरी?"

"दारुड्याच्या वारसाला नोकरी देत नाही कंपनी."



"वास येत व्हता," संपत म्हणाला.

बाहेर बाकड्यावर भैरूची बायको बायडाबाई बसली होती. तिच्याकडे न बघता तो बेसिनपाशी गेला. तोंड धुतलं, नळ बंद केला. शेजारच्या बेसिनमध्ये शिपाई चहाचे कप विसळत होता. संपतच्या बेसिनमध्ये खालून गढूळ पाणी वर येऊ लागलं.

"दोन्हीचा पाइप एकच आहे, तुंबलाय," शिपाई म्हणाला. "तक्रार केलीय. साहेबांना वरच्या मजल्यावर वेगळं बेसिन आहे."

बायडाबाई मागे येऊन उभी होती.

"भावजी, नळ तर बंद हाय."

संपतने नळ पुन्हा आवळला.

"ह्यांचं असंच झालं?"

त्याने मान हलवली.

"मग आत काय सांगून आलासा?"

पाणी चढत होतं. बायडाबाईने बांगड्या मागे सारल्या, हात घाणीत घातला आणि बेसिनच्या भोकावर तळवा दाबून धरला. पाणी थांबलं.

"खालनं येवढंच बंद करायचं हुतं ना?" ती म्हणाली.

शिपाई शेजारी कप विसळतच राहिला. तिने हात काढला नाही.