जीपरोग आणि अर्नदिसचा हात

मी हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. घाई मला मुळात जमतच नाही. माझ्या पोटात तेल असतं आणि ते एका बारीक भोकातून इकडून तिकडे जातं. कुणी कितीही जोरानं ढकललं तरी मी माझ्याच चालीनं आत सरकतो, माझ्याच चालीनं बाहेर येतो. मी एक शॉकअप. चाकांपाशी उभे असतात त्यांच्यातला नव्हे. स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा बांधलेला, हातभर लांबीचा. चाकाला दगडाचा दणका बसला तर तो चालवणाऱ्याच्या मनगटापर्यंत पोचू द्यायचा नाही, मधल्या मध्ये गिळायचा, एवढंच माझं काम. शाळा नाही, शिक्षण नाही. दणके गिळता गिळता जे कळलं ते कळलं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. तेल भरलं, तोंड बंद केलं, पिवळा रंग दिला, खोक्यात घातलं. जहाजातून आइसलँडला आलो. खोकं उघडलं ते उत्तरेकडच्या एका खोऱ्यात, अर्नदिसच्या मेंढ्यांच्या गोठ्यात. उघडणारा हावर्दुर, तिचा दीर. मला हातात तोलून तो म्हणाला, "हा बघ, कसा जाडजूड आहे. आता तुझी जीप गाईसारखी शांत चालेल."

"आधीचे दोघंही जाडजूडच होते," अर्नदिस म्हणाली.

ते दोघं कोपऱ्यात पडले होते. एकाचं तेल गळालेलं, दुसऱ्याचा दांडा वाकलेला. माझ्याशी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

जीप मी पहिल्यांदा पाहिली ती खालूनच. काय उंच! अर्नदिसच्या नवऱ्यानं, ब्रिन्यारनं, अकरा वर्षांपूर्वी याच गोठ्यात ती उंच करून घेतली होती. लांब स्प्रिंगा, अर्नदिसच्या कमरेपर्यंत येणारे टायर. हौस म्हणून नव्हे. उन्हाळाभर मेंढ्या डोंगरात मोकळ्या असतात, आणि सप्टेंबरात माणसं घोड्यांवरून जाऊन त्यांना खाली उतरवतात. पाच दिवसांचं काम, चौदा माणसं. त्यांचं धुरावलेलं मटण, भाकरी, सुके मासे, लोणी, कॉफी घेऊन एक गाडी डोंगरातल्या झोपडीवर आधी पोचावी लागते. वाटेत तीन नद्या, आणि पूल एकीवरच. ती गाडी बावीस वर्षं अर्नदिस नेत आली आहे. चार वर्षांपूर्वी ब्रिन्यार वारला, त्या सप्टेंबरातही तिनं ती नेली.

आता रोगाचं सांगतो. तिकडे त्याला जीपरोगच म्हणतात. उंच केलेल्या, मोठ्या टायरांच्या गाड्यांना होतो. खडीच्या रस्त्यावर सत्तरच्या वेगानं सगळं छान चाललेलं असतं. पुलाच्या कडेवर पुढची चाकं आपटतात, आणि एकदम डावी-उजवी, डावी-उजवी झटके खायला लागतात. स्टिअरिंग हातात ठरत नाही. आरसे, दारं, दात, सगळं थडथडतं. अशा वेळी एकच करायचं, घट्ट धरून वेग उतरवत न्यायचा, गाडी थांबेपर्यंत.

वर्षभर मी ते गिळलं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटायचा. अर्नदिसच्या मनगटाला कळलं नाही म्हणजे मी कामाचा. पण मला कळत होतं ना. दगडाचा दणका एकदा येतो आणि जातो. हा परत परत यायचा, गाडीच्या आतूनच. कुठून, ते मला दिसत नव्हतं. मी माझ्या जागी बांधलेला. आणि मी गिळत होतो म्हणून दुसरंही कुणी शोधत नव्हतं.

यंदा ऑगस्टात मी हरलो. तेल गळलं. पुलावर जीप अशी थरथरली की शेजारी बसलेल्या हावर्दुरची टोपी उडून मागच्या सीटवर गेली. अर्नदिसनं गाडी सांभाळत सांभाळत थांबवली.

हावर्दुर त्या खोऱ्याचा डोंगरराजा आहे. म्हणजे मेंढ्या उतरवायला कुणी कुठून जायचं, कुणी काय करायचं, ते तो ठरवतो, आणि त्याचा शब्द कुणी मोडत नाही. माणूस वाईट नाही. पण खाली उतरून चाकाला लाथ मारून तो म्हणाला, "अर्नदिस, राग मानू नकोस. टायर बदलले, चाकांचा तोल करून आणला, तीन शॉकअप झाले. आता उरलं काय? तुझी मनगटं. अडुसष्ट वर्षांची झालीस तू. यंदा जीप दुसरं कुणीतरी नेईल. तू मागच्या सीटवर बसून ये, स्वयंपाकापुरती."

"मागच्या सीटवर तुझी टोपी बसलीय," ती म्हणाली. हसली मात्र नाही. म्हणाली, "मला रविवारपर्यंत वेळ दे. रविवारी तू स्वतः ये. आणि रिकाम्या हातांनी ये. चौथा शॉकअप आणलास तर कुत्रा सोडीन अंगावर."

रविवारी सकाळी तो आला. तिनं पहिलं काम काय केलं असेल? मलाच सोडवून जमिनीवर ठेवलं.

"अगं, तोच काय काढतेस? होता नव्हता तेवढा आधार गेला!"

"मेंढीला दुखणं दाबायचं औषध दिलं की कुठेही हात लावा, ती गप्प उभी राहते. मग कळणार कसं कुठे दुखतंय? चार वर्षं आपण औषधच पाजतोय. हा बिचारा आपला गिळतोय."

बिचारा म्हणाली मला. इतक्या वर्षांत कुणाला आमच्याविषयी असं वाटलं नसेल.

मग तशीच एकटी रस्त्यावर चक्कर मारून आली. चाळीसच्या वेगालाच जीप थरथरली म्हणे. परत आली ती खुशीत. "छान झालं. आता लपत नाही."

हावर्दुर जॅक घेऊन आला तर तिनं तो बाजूला ठेवायला लावला. "पायांवर उभी असताना दुखतं ना? मग उभीच राहू दे. तू आत बस. इंजिन चालू ठेव. स्टिअरिंग जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे. मी थांब म्हणेपर्यंत."

डोंगरराजा मुकाट्यानं आत बसला. ती खताची रिकामी गोणी अंथरून खाली आडवी झाली. मी तिच्या कोपरापाशीच पडलो होतो, म्हणून सगळं पाहिलं.

तिनं डोळे मिटले. हात लहान, बोटं बारीक. मे महिन्यात मेंढ्या वितात तेव्हा अडलेलं कोकरू वळवायला खोऱ्यातली सगळी घरं तिला बोलावतात. त्याच हातानं ती एकेक सांधा चाचपत होती. अर्धा तळवा एका भागावर, अर्धा दुसऱ्यावर. दोन्ही एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी आणि दुसरा मागून हलला तर तिथे दुखणं. चाकापासचे सांधे झाले, स्टिअरिंगच्या दांड्याची टोकं झाली. घाई नाही. मला वाटलं, अरे, ही तर माझ्यासारखीच चालते.

"किती वेळ गं? हात भरून आले माझे," वरून आवाज.

"का रे? मनगटं म्हातारी झाली?"

स्टिअरिंग फिरत राहिलं.

पुढे एक आडवा दांडा आहे. त्याचं एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं दोन्ही चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलला. ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो. त्याच्या खालच्या टोकाच्या बोल्टवर तिचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"परत कर. हळू. अजून हळू."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"ऐकू यायचं नाहीच ते. बोटाला लागतंय. बार्लीच्या अर्ध्या दाण्याएवढं."

तेवढ्यावरच सगळं चाललं होतं. बोल्ट काढला तर त्याचं भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालेलं, आणि बोल्ट भोकापेक्षा बारीक, एका अंगानं घासून चकचकीत. त्याच्या डोक्यावर लाल रंग होता. गवत गोळा करायच्या यंत्राचा तो.

अर्नदिस उठून बसली. बोल्ट तळहातावर घेऊन बघत राहिली. "ब्रिन्यारनं बसवलेला," ती हलक्या आवाजात म्हणाली. मेलेल्या माणसाची चूक सापडली की वाईट वाटतं, तसं तिचं तोंड झालं.

हावर्दुर इंजिन बंद करून खाली उतरला. उपड्या बादलीवर बसला.

"ब्रिन्यारला दोष देऊ नकोस. तो खाली होता, मी सामान पुरवत होतो. नेमका बोल्ट सापडेना आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात निघायचं. तो म्हणाला, हा ढिला बसतोय रे. मी म्हणालो, होईल सगळं नीट, आवळ जोरात."

होईल सगळं नीट, असं त्या खोऱ्यात सगळेच म्हणतात. वादळात म्हणतात, गवत भिजलं तरी म्हणतात. बहुतेक वेळा होतंही.

अर्नदिसनं बोल्ट पुसला आणि त्याच्या हातात दिला. "खिशात ठेव. पुन्हा कुणाच्या मनगटांवर बोलायचं झालं तर आधी हा चाचप. आता ऊठ. वेल्डिंग तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

त्यानं जाड पट्टी जोडली. भोक एवढं नेमकं पाडलं की नवा बोल्ट हातोडीनं ठोकत आत घालावा लागला. आवळताना मात्र ती अडून बसली. गाडी आधी स्वतःच्या वजनावर उभी करायची, मगच आवळायचं. त्यानं ऐकलं.

मग दोघं निघाले. मला बादलीत टाकून मागे ठेवलं होतं, दोरांमध्ये. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता बसून चाललो होतो. सत्तर, पंचाहत्तर. पूल आला. चाकं कडेवर आपटली. मी सवयीनं अंग आवळलं.

एक दणका. गेला.

"परत एकदा ने," हावर्दुर म्हणाला. तिनं परत नेली. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी पहाटे सगळ्यांच्या आधी निघ. पुलापलीकडची पहिली नदी वाढली असेल तर थांब, मी घोडा पुढे घालीन." एवढंच. डोंगरराजाकडून एवढं पुष्कळ झालं.

पुढे तिनं एक साधा नवा शॉकअप बसवला, दगडांपुरता. मी आता गोठ्यात दाराचा अडसर आहे. तेल नाही, पण उभा आहे. मे महिन्यात तिचा हात बघायला मिळेल.

तुमचंही कधी काही असं थरथरायला लागलं, तर माझ्यासारखा आणायला लगेच धावू नका. आम्ही गिळतो, पण बरं करत नाही. तिथे हात ठेवा. वेळ लागतो, लागू द्या.

आज तो सोमवार. मघाशी भाकऱ्यांची टोपली चढली, कॉफीची किटली चढली. जीप अंगणातून गेली. पूल इथून जवळ आहे. मी कान देऊन आहे. पुढची चाकं वाजली. मागची वाजली.

मग काही नाही. नुसता तिच्या जीपचा आवाज, लांब लांब जाणारा.