दुसऱ्या गोलरक्षकाचा बाक

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचा एक जुना बाक. स्लोव्हेनियात द्रावा नदीकाठच्या एका लहान गावात, फुटबॉल मैदानाच्या कडेला माझं आयुष्य गेलं. सुतारानं मला घडवून आणलं, तेव्हा क्लबची सगळी मंडळी माझ्यावरून हात फिरवून गेली. "शंभर वर्षं हलायचा नाही!" म्हणाली. पण माझ्यावर बसायला मात्र कुणी राजी नसे. बाकावर बसायचं म्हणजे खेळायला मिळायचं नाही.

माझ्यावर सर्वांत जास्त बसला तो इझिदोर, संघाचा दुसरा गोलरक्षक. पहिला होता व्हिलको. उंचापुरा, चपळ आणि असा ठणठणीत, की त्याला कधी साधी सर्दीही होत नसे! इझिदोर प्रत्येक सामन्याला हातमोजे घट्ट चढवी आणि सामना संपला की कोरडेच उतरवी. हिवाळ्यात डोंगरावरून वारा सुटला की त्याचे पाय थरथरत. मागून प्रेक्षक ओरडत, "अरे इझो, मुळं फुटली का रे तुला तिथे?"

"थांबा, वसंतात पानंही फुटतील!" तो हसून म्हणे. पण त्याच्या बोटांनी माझी कड आवळून धरलेली असे.

मग एका मोसमाचा शेवटचा सामना आला. हरलो असतो तर संघ खालच्या श्रेणीत गेला असता. सामना बरोबरीत असताना व्हिलकोचा गुडघा पिरगळला. त्याला थेट दवाखान्यात नेलं. प्रशिक्षक स्टानिस्लाव सर इझिदोरकडे बघून नुसतं "जा" म्हणाले. अगदी शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. इझिदोरनं झेप घेतली आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला. संघ वाचला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. दोन बोटं मोडलीत, हे त्यानं खाली उतरल्यावर सांगितलं.

नव्या मोसमात व्हिलको बरा होऊन परतला.

"सर, आता मी खेळू ना?" इझिदोरनं विचारलं.

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "माणूस तू सोन्यासारखा आहेस, इझो. पण गोलमध्ये व्हिलकोच."

येऊन माझ्यावर बसला. त्या दिवशी तो मला फार जड लागला.

अशीच वर्षं सरली. व्हिलकोच्या निरोपाच्या सामन्याला बँड आला, फुलं आली, सारं गाव लोटलं. इझिदोरही त्याच दिवशी खेळ सोडणार होता, पण ते जाहीर करायचं कुणाला सुचलंच नाही. खेळ नुकता कुठे रंगात येत होता, आणि व्हिलको गोल सोडून चालत कडेला आला.

"काय रे, गुडघा का?" सर घाबरले.

"गुडघा ठीक आहे, सर. इझो, ऊठ. उरलेला सामना तुझा."

"वेड लागलंय का तुला? लोक तुला बघायला आलेत."

"मला पुष्कळ बघितलंय त्यांनी. जा लेका, गोल मोकळा पडलाय!"

इझिदोर धावत सुटला. हळूहळू सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. व्हिलको आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर बसला. थोड्या वेळानं त्यानं इझिदोरनं माझ्यावर टाकलेला कोट अंगाभोवती ओढून घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "सर, इथे इतकी थंडी वाजते?"



आता तिथे गुबगुबीत खुर्च्या आल्यात. मी कुंपणापाशी पडून असतो. माझा एक पाय कुजलाय. पण मित्रांनो, माझी डागडुजी करा म्हणून हे सांगत नाही. तुमच्या संघात, तुमच्या वर्गातही कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत कडेला बसलेलं असेल. जिंकणाऱ्यासाठी टाळ्या वाजवून झाल्या, की त्याच्याशेजारी जाऊन बसा. तिथे जागा नेहमीच असते.