वखारवाल्यांचं रान

होडी काठाला टेकली तशी एलिशेबा आपटेकरांनी फाईल डोक्यावर धरली, दुसऱ्या हाताने साडी वर घेतली आणि पाय खाली टाकला. तो पोटरीपर्यंत चिखलात गेला. उपसायला गेल्या, तर आणखी रुतला.

"हलू नका बाय," मागून काशिराम म्हणाला. त्याने वल्हं चिखलावर आडवं टाकलं. "याच्यावर भार द्या."

काठावरून कृष्णाबाईने हात पुढे केला. तिच्या पकडीत एवढा जोर असेल असं एलिशेबाबाईंना वाटलं नव्हतं.

बापाच्या जमिनीवर खाडीतून चढायची ही त्यांची पहिलीच वेळ. पूर्वी गाडीरस्ता होता. लाकडाने भरलेले ट्रक त्याच रस्त्याने पनवेलच्या वखारीत यायचे. रस्ता शेजारच्या जमिनींतून जात होता आणि त्या दोन्ही जमिनी उदयसिंह नावाच्या जमीनखरेदी करणाऱ्याने घेतल्या होत्या. दिवाळीनंतर त्याने तारेचं कुंपण घातलं.

उदयसिंह वाईट वागत नसे. दर पंधरवड्याला घरी यायचा, चहा प्यायचा, कप स्वतः उचलून मोरीत ठेवायचा.

"मावशी, मी काही जबरदस्ती करत नाही," तो म्हणायचा. "दोन्ही बाजू माझ्याकडे आहेत, मागे खाडी आहे. आता विमानतळ येतोय. त्या जमिनीचं तुम्ही करणार काय, एवढं फक्त सांगा."

तो गेला की इस्रायलमधल्या अश्दोदहून मुलीचा, तालीचा, फोन यायचा.

"आई, खोली तयार आहे. जमीन विक, नाहीतर तशीच सोड. पण ये."

नात्यातली सगळी घरं एकेक करून इस्रायलला गेली होती. सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला अलिबागपर्यंत फोन करावे लागत. एलिशेबाबाईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. भांडीकुंडी वाटून झाली होती. गेलं वर्षभर त्या दोन पातेली आणि एका खुर्चीवर राहत होत्या, स्टेशनवर बसल्यासारख्या.

विकून टाकायचं ठरलंही होतं. मोजणीच्या दिवशी उदयसिंहबरोबर त्या इथे आल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं बापाने उघडाबोडका करून टाकलेला डोंगरउतार दिसेल. पण तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येऊन त्यांची झाडं झाली होती. ऐन, किंजळ, साग. वरच्या कातकरी वाडीतली कृष्णाबाई आणि काठावरच्या कोळीवाड्यातला काशिराम, दोघांनी मिळून बारा वर्षं कुऱ्हाड आणि शेरडं आत येऊ दिली नव्हती. उतारावरची माती धुऊन खाडीत यायची, खेकडे संपले होते. वाडीला कंदमुळं उरली नव्हती. म्हणून दोन्ही वस्त्या एकत्र आल्या होत्या. मालकाला कोणी विचारलं नव्हतं. मालक आहे हेच कोणाच्या लक्षात नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी मोजणी अर्धी ठेवून गाडी परत फिरवायला सांगितली.

आज ऐनाखाली दोन्ही वस्त्यांतली दहाबारा माणसं बसली होती. एलिशेबाबाईंनी फाईल उघडली आणि बक्षीसपत्राचा मसुदा वर्गात वाचावा तसा सावकाश वाचला. जमीन दोन्ही वस्त्यांच्या मंडळाला. तोडायची नाही, विकायची नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. खांदे हलके झाल्यासारखे वाटले.

कृष्णाबाई जमिनीवर काडीने रेघा ओढत होती.

"आमी अशी नाय घेनार," ती म्हणाली.

"अशी म्हणजे? मी फुकट देतेय, कृष्णाबाई."

"तेच. दिली का तुमी सुटल्या." तिने काडी टाकली. "माझा बा इथं कोळशाच्या भट्ट्या लावायचा. मी पाच-सा वरसाची. ऊन कोळसा वेचायची." तिने तळहात पुढे केले नाहीत, पदराखाली घेतले. "या काशिरामच्या बापाचा मचवा भरून मुंबईला जायचा. वखार तुमच्या बापाची. तिगांनी मिळून तोडलं. मंग राखायचं दोगांनीच?"

एलिशेबाबाईंनी काशिरामकडे पाहिलं. तो खाडीकडे बघत होता.

"आनखीन एक हाय बाय," तो म्हणाला. "तुमी गेल्याव तो तारवाला आमाला इचारील, तुमी कोन? कागद दाखवू आमी, पन कोर्टात फिरवील. तुमी इथं असल्या तर काय इचारनार? कागद करा. पन मंडळात तुमी पन ऱ्हावा."

"माझी मुलगी वाट बघतेय हो. किती वर्षं झाली."

"जावा की मंग," कृष्णाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आमी कुटं अडवतोय?"

फाईलचं टोक ओलं झालं होतं. त्या ते बोटांनी सरळ करत राहिल्या. उदयसिंह, ताली, ते कुंपण; यांच्यामुळे अडलंय असं रोज म्हणत त्या वर्षभर बसून होत्या. आता समोर बसलेल्या माणसांपैकी कोणीही त्यांना धरून ठेवलं नव्हतं. उठून होडीत बसायचं, एवढंच होतं. त्या उठल्या नाहीत.

काशिरामची सून दमयंती मंडळाची वही सांभाळायची. तिने ती मांडीवर उघडली. राखणीच्या पाळ्या आखलेल्या होत्या. रोज एक माणूस वाडीचं, एक कोळीवाड्याचं.

"पानी उतराय लागलंय," काशिराम उभा राहिला. "निघायला पायजे. नायतर होडी अडकंल."

"शनवारी मानसं कमी पडतात," कृष्णाबाई कोणाकडेच न बघता म्हणाली.

दमयंतीने शनिवारच्या चौकटीत पेन टेकवलं आणि वाट बघत थांबली. वरच्या उतारावर कोणीतरी शेरडं हाकलल्याचा आवाज आला आणि विरला.

"शनिवार नको," एलिशेबाबाई म्हणाल्या.

कृष्णाबाईने मान खाली घातली.

"शनिवारी आमचा शब्बाथ असतो. त्या दिवशी मी काम करत नाही."

दमयंतीने पेन उचललं.

"मग कुठला वार लिहू, बाई?"

एलिशेबाबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि वहीवर वाकून बाकीचे वार वाचू लागल्या.