सोड्याचे दोन रेणू

चुना संपला, तेव्हा सिआमेसाहेबांनी सोमवारी हौदात कॉस्टिक सोडा ओतायला लावला. कितवे शहराजवळच्या त्या तांब्याच्या कारखान्यात सांडपाण्यातलं सल्फ्युरिक आम्ल आधी मारायचं, मगच पाणी ओढ्यात सोडायचं. हिशेब मात्र चुन्याचाच ठेवला: आम्लाच्या एका रेणूला एक. आम्लता मोजायचं यंत्र बंद होतं. प्रयोगशाळेतल्या मुएन्याने साहेबांवर भरवसा ठेवून सोमवारच्या हिशेबाच्या कागदावर सही केली.

मंगळवारी तिला राहवेना. तिने समीकरण लिहून पाहिलं. चुन्याच्या रेणूत हायड्रॉक्साइड दोन, सोड्याच्या रेणूत एकच. हायड्रोजन काही केल्या जुळेना. मग तिने सोड्यापुढे दोन लिहिले:

H₂SO₄ + 2NaOH → Na₂SO₄ + 2H₂O

दोन्ही बाजू जुळल्या. म्हणजे सोडा निम्माच पडला होता. निम्मं आम्ल कालपासून तसंच ओढ्यात चाललं होतं. खाली तिच्या धाकट्या बहिणीचा, चिशालाचा भाजीचा मळा त्याच पाण्यावर होता.

ती कागद घेऊन साहेबांकडे धावली. "साहेब, झडप बंद करा. सोडा दुप्पट लागतो."

सिआमेंनी कागद वाचला. चेहरा उतरला, पण क्षणभरच. "काल सही कुणाची आहे, बाई?"

"माझी."

"मग गप्प बसा. बुडालात तर एकट्याच बुडाल."

तिने गप्प बसायचा प्रयत्नही केला. तासभर. मग हौदावर जाऊन दोन्ही हातांनी झडप आवळली आणि वरच्या कचेरीत समीकरण नेऊन दिलं.

दुपारपर्यंत सोडा दुप्पट झाला. चौकशी मात्र मुएन्याच्या नावाने लागली. ती संपेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, गावही सोडायचं नाही. रोज सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसायचं. राहतं घर कारखान्याचं, त्यामुळे नोकरी सोडायचीही सोय नव्हती.

दोन महिने झाले. चिशाला डबा घेऊन आली, न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकी मासळी.

"भाजी नाही आणली?" मुएन्याने विचारलं.

"पानं करपली गं, याया." थोरलीला ती यायाच म्हणायची. "मुळं वाचली म्हणतात. तुला कधी सोडणार?"

"तारीखच देत नाहीत."

बहीण शेजारी टेकली. दोघी जेवल्या. सकाळची पाळी सुटली, ओळखीची माणसं खाली बघत फाटकातून निघून गेली. मुएन्याने हात धुतले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली. पाच वाजायला अजून बराच वेळ होता.