तीनदा ‘ओडी’ म्हटल्यावर

ओडी! येऊ का आत?

आमच्या झोम्बा शहरात दाराबाहेर असं विचारतात. आतून ‘ओडिनी’, म्हणजे ‘या की’, आलं की मगच पाऊल टाकायचं. मला मात्र ही रीत फार उशिरा कळली, आणि तीही अर्धवट.

मी दारवान आहे. संगणकातल्या फायलींच्या दारावरचा. जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहिलेल्या, कुणीही उघडून दुरुस्त करावी अशा प्रणालीत माझा जन्म झाला. फाइल डिस्कवर असो की पेनड्राइव्हवर, मागणाऱ्याला पत्ता ठाऊक नसतो. मी आणून देतो. आभाराचं नावच सोडा!

इथल्या रक्तपेढीत मला बसवलं, तेव्हा रक्ताची नोंदवही जुन्याच प्रणालीच्या वळणाची होती. एकानं ती उघडली की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं, हे ती गृहीत धरायची. मी पडलो भोळा. सगळ्यांनाच आत सोडायचो. एकदा प्रयोगशाळेतले न्खोमा, ज्यांना सगळे आदरानं ‘बाम्बो’ म्हणतात, आणि प्रसूतिकक्षातल्या सिस्टर एस्नार्ट एकदमच शिरले, आणि एकच पिशवी दोन बायकांच्या नावे लागली. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

“अगं ताडाला, तुझ्या या दारवानाला काही वळण आहे की नाही?” न्खोमा कडाडले.

ताडाला रुग्णालयातले संगणक सांभाळायची. “लावते की वळण, बाम्बो!” ती हसली.

तिनं माझ्यात जुन्या नोंदवहीला समजेल असं कुलूप लिहिलं. आत कुणी असलं, तर बाहेरच्यानं तीनदा ओडी म्हणायचं. तरी दार उघडलं नाही, तर परत फिरायचं. गावची रीतच ती. मीही खूश झालो.

मग एका दुपारी प्रसूतिकक्षातली वीज गेली. नोंदवही उघडी असतानाच एस्नार्टचा संगणक मेला. मी प्रयोगशाळेत बॅटरीवर जागा होतो, आणि माझ्या लेखी एस्नार्ट आतच होत्या. तेवढ्यात लव्हनेस नावाच्या बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. तपासलेली पिशवी कोणती, ते नोंदवहीतच होतं. न्खोमांनी तीनदा ओडी म्हटलं. मी मान ताठ ठेवून त्यांना परत पाठवलं. आजही आठवलं की शरम वाटते.

“आत एस्नार्ट आहे म्हणतोय मेला! ही तर धावत येऊन माझ्यासमोर उभी आहे!” न्खोमा ओरडले.

ताडालाही पळत आली. एस्नार्ट तिच्यावर खेकसल्या, “शेजारची म्हातारी तीन हाकांना बोलली नाही, तर तू घरी निघून जातेस का गं?”

“छे! दार ढकलून बघते, जिवंत आहे का...” ताडाला बोलता बोलता थबकली.

तिनं हातानं कुलूप काढलं. पिशवी घेऊन एस्नार्ट धावल्या. लव्हनेस वाचली, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी ताडालानं माझ्यात एक ओळ घातली: तिसऱ्या ओडीनंतर आत डोकावून बघ, आतला गेला असेल, तर दार उघड. ती दुरुस्ती जगभर गेली. “तीनदाच का?” परदेशातल्या कुणीतरी विचारलं. “आमच्याकडे तीनच,” तिनं उत्तर धाडलं.

महिन्याभरानं लव्हनेस बाळाला पाठीशी बांधून प्रयोगशाळेच्या दारात आली. “ओडी!” म्हणाली. न्खोमा रक्त तपासण्यात गुंग होते. मला तोंड असतं, तर मीच पहिला ‘ओडिनी’ म्हटलं असतं.

तुम्हाला एवढंच सांगतो: शेजारचं दार तिसऱ्या हाकेलाही गप्प राहिलं, तर माघारी फिरू नका. ढकलून बघा.